तोदिबो पैशांमुळे हुकला नाही
तोदिबो हा नीस या फ्रेंच फुटबॉल क्लबचा बचावपटू. २०२४च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडला तो हवा होता, पण मिळाला नाही. "युनायटेडने हात आखडता घेतला म्हणून तोदिबो हुकला" हे पटत नाही. अडचण मालकाची होती. नीस आणि युनायटेड, दोन्हीकडे मालकीत इनिऑस ही कंपनी; २०२४-२५ला दोघंही युरोपा लीग या युरोपियन स्पर्धेत. एकाच स्पर्धेतल्या दोन क्लबांवर एकाच मालकाचा निर्णायक प्रभाव युएफाला (युरोपियन फुटबॉलची नियामक संस्था) चालत नाही. म्हणून नीसचे शेअर्स त्रयस्थ विश्वस्तांकडे गेले आणि दोघांमधल्या खेळाडूंच्या देवघेवीवर सप्टेंबर २०२५पर्यंत बंदी आली. लोनवर, म्हणजे तात्पुरता उसनासुद्धा नाही! तोदिबो शेवटी वेस्ट हॅमला गेला.

मग त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर सिटीला जिरोनाकडून खेळणारा साविन्यो कसा मिळाला? खरी मेख इथे आहे. जिरोना हा स्पॅनिश क्लब सिटीच्याच मालकांच्या गोतावळ्यातला आणि दोघंही एकाच युरोपियन स्पर्धेत, म्हणून जिरोनावरही तसलंच बंधन होतं, पण साविन्यो तिथे नुसता लोनवर, करार त्र्वा या फ्रेंच क्लबशी. त्र्वाही सिटीच्याच गोतावळ्यातला क्लब, पण युरोपियन स्पर्धेत खेळत नव्हता, म्हणून त्याच्यावर हे बंधन नव्हतं.