मदत हवी आहे: बर्लिन-रॉटरडॅमसाठी कमी चार्जेसचं क्रेडिट कार्ड. आयटीआर नाही, सातबारा आहे

माणिकचमन_तासगाव

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका (ताज्या फळ-भाज्यांच्या व्यापाराचं प्रदर्शन) आहे. तासगाव तालुक्यातले आम्ही चौघं बागायतदार जाणार आहोत. (हो, ऐन हंगामात. प्रदर्शनवाले आपल्या छाटणीला विचारून तारीख धरत नाहीत.) बर्लिन झालं की रेल्वेने रॉटरडॅम, तिथं आयातदारांना भेटायचं आणि परत. विमान आणि व्हिसा सोडून हॉटेल, जेवण, प्रवास मिळून माणशी १,८०,००० रुपये धरलेत.

अडचणी अशा:
१) बँकेत म्हणतात परदेशी खर्चावर साडेतीन टक्के. नेटवर ‘झीरो फॉरेक्स’ लिहिलेलं दिसतं. खरं काय?
२) उत्पन्न सगळं शेतीचं, आयटीआर भरलेला नाही. दोन ठिकाणी अर्ज नामंजूर झाला.
३) फॉरेक्स कार्डवाला (आधीच परकी चलन भरून न्यायचं कार्ड) म्हणतो क्रेडिट कार्डच्या नादाला लागू नका.
४) रोख किती न्यावी?

जिल्हा बँकेचं रुपे एटीएम कार्ड आहे, ते तिकडं चालेल का तेही सांगा.

खातेवही_विश्रामबाग

आधी साडेतीन टक्क्यांचा हिशोब. मार्कअप, म्हणजे परदेशी खर्चावर बँक लावते तो जादा आकार, ३.५ टक्के, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. खर्चावर नव्हे, मार्कअपवर. म्हणजे प्रत्यक्षात ४.१३ टक्के. तुमच्या १,८०,००० वर मार्कअप ६,३०० आणि जीएसटी १,१३४, एकूण ७,४३४ रुपये. चौघांचे मिळून ३० हजारांना थोडे कमी. २ टक्क्यांच्या कार्डावर हाच आकडा ४,२४८ होतो. शून्य मार्कअपवर काहीच नाही, फक्त व्हिसा किंवा मास्टरकार्ड या कार्ड-नेटवर्कचा त्या दिवसाचा दर लागतो. दोघांच्याही वेबसाइटवर दर काढायचं कॅल्क्युलेटर आहे, त्यात बँकेची फी ० टाकून बघा.

एक बारकावा. दर कार्ड घासल्याच्या क्षणाचाच असेल असं नाही, व्यवहार नेटवर्ककडे पोचून मिटतो त्या दिवसाचा असू शकतो. म्हणून मोबाइलवर आलेल्या मेसेजमधली रक्कम आणि स्टेटमेंटमधली रक्कम यांत थोडा फरक पडू शकतो. काही बँका मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी वेगळ्या ओळींत, कधी दोन-तीन दिवसांनी लावतात. ‘मार्कअप लागलाच नाही’ असं पहिल्याच दिवशी म्हणू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, आयटीआरचा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी कार्डाच्या अर्जात संगणकाला सातबारा वाचता येत नाही. त्याला पगाराची स्लिप नाही तर आयटीआर लागतो. वारंवार अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाला सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जाच्या इतिहासात, चौकशीची नोंद पडते आणि पुढचा अर्ज आणखी अवघड होतो. सरळ एफडीवरचं कार्ड घ्या. तुम्ही मुदत ठेव ठेवता, बँक त्यावर लिएन टाकते, म्हणजे ती तारण म्हणून अडवून ठेवते, आणि ठेवीच्या ८० ते १०० टक्क्यांपर्यंत लिमिट देते. ठेवीचं व्याज चालू राहतं. आयडीएफसी फर्स्टचं ‘वॉव’ हे असंच एफडीवरचं, शून्य मार्कअपचं कार्ड आहे. ठेव बहुतेक ठिकाणी एकट्याच्या नावावर लागते, जोड नावाची चालत नाही. कार्ड बंद केल्याशिवाय ती मोडता येत नाही, तेव्हा औषधं-खतांचे पैसे त्यात अडकवू नका.

ज्यांना उत्पन्नाचा कागद दाखवता येतो त्यांच्यासाठी फेडरल बँकेचं स्कॅपिया आहे. वार्षिक फी नाही, मार्कअप शून्य. आरबीएलच्या वर्ल्ड सफारीलाही मार्कअप नाही, पण वार्षिक फी ३,००० अधिक जीएसटी, म्हणजे ३,५४०. ४.१३ टक्क्यांच्या कार्डाशी तुलना केली तर साधारण ८६ हजारांच्या खर्चाला ती फी वसूल होते. २ टक्क्यांच्या कार्डाशी केली तर दीड लाखाला. वर्षातून एकदाच जायचं असेल तर मी फी भरणार नाही.

अर्ज करण्याआधी त्या दिवशीचं शुल्कपत्रक, म्हणजे एमआयटीसीची पीडीएफ, उघडून ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ ही ओळ वाचा. जाहिरात वाचू नका.

कृष्णाकाठ७७

वरचं सगळं बरोबर. पण शून्य मार्कअपचं कार्ड खिशात असूनही लोक पाच-सहा टक्के घालवून येतात, ते मशीनपाशी. त्याचं नाव डीसीसी. आपल्याकडं डीसीसी म्हटलं की जिल्हा बँक. ही ती नव्हे. ही डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन.

होतं असं. हॉटेलचं बिल ८६ युरो. तुमचं कार्ड भारतातलं आहे हे मशीनला कळतं आणि स्क्रीनवर दोन पर्याय येतात: वर ‘ईयूआर ८६.००’, खाली ‘आयएनआर ९,०३०.००’. रुपये दिसले की जिवाला बरं वाटतं, बोट तिकडंच जातं. समजा त्या दिवशी नेटवर्कचा दर १०० रुपये आहे. मग युरोत भरले असते तर ८,६०० लागले असते. रुपयांचा आकडा दुकानदाराच्या बाजूच्या कंपनीने स्वतःचा दर लावून काढलेला असतो. झाला ४३० चा फटका. त्यावर कडी म्हणजे परदेशात रुपयांत केलेल्या व्यवहाराला बऱ्याच भारतीय बँका स्वतःची साधारण १ टक्का फी वेगळी लावतात, अधिक जीएसटी. म्हणजे आणखी १०७. शून्य मार्कअपच्या कार्डावर ५३७ रुपये गेले, तेही एका बिलात.

उपाय एवढाच: कायम तिथलंच चलन, युरोच. वेटर मशीन हातात घेऊन स्वतःच बटण दाबत असेल तर ‘युरो प्लीज’ म्हणा. पावतीवर आयएनआर छापून आलं तर सही किंवा पिन देऊ नका, व्यवहार रद्द करून परत करायला लावा. पिन दिल्यावर भांडण्यात अर्थ नाही, बँक म्हणते तुम्हीच निवडलं.

घरबसल्या बुकिंग करतानाही हेच. साइट किंमत रुपयांत दाखवते, पण कंपनी परदेशात नोंदलेली असते. मग सांगलीत बसून भरलेल्या रुपयांवरही ती १ टक्क्याची फी लागू शकते. हॉटेल आणि जर्मन रेल्वेची तिकिटं युरोतच बुक करा.

माणिकचमन_तासगाव

डीसीसीचं भारी सांगितलंत की ओ! हे कुणीच बोललं नव्हतं.

एफडी प्रत्येकी १ लाखाची ठेवायचा विचार आहे. म्हणजे ८०-९० हजारांचं लिमिट. पुरेल? बाकीचं फॉरेक्स कार्डवर टाकावं का?

पोवईनाका_सातारा

लिमिट नाही पुरणार, आणि कारण खर्च नव्हे, होल्ड. हॉटेलात चेक-इनला खोलीच्या भाड्याखेरीज डिपॉझिट म्हणून काही रक्कम अडवतात. पैसे कापले जात नाहीत, पण तेवढं लिमिट गोठतं. चेक-आउटनंतर ते सुटायला काही दिवस जातात. बर्लिनच्या हॉटेलने ३०० युरो अडवले आणि ते सुटायच्या आत रॉटरडॅमच्या हॉटेलने आणखी ३०० अडवले, की तुमच्या ८० हजारांतले ६० हजार नुसते अडकून बसले. त्यातच निघताना बिल दुसऱ्या कार्डाने भरलं तर पहिल्या कार्डावरचा होल्ड तसाच लोंबकळत राहतो. ज्या कार्डावर अडवलं त्याच कार्डावर बिल करा, नाही तर होल्ड सोडायला तोंडाने सांगा. एफडी दोन लाखांची ठेवा. झेपत नसेल तर चौघांपैकी दोघांनी मोठी ठेवून हॉटेल त्यांच्या कार्डावर घ्या.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल तर डिपॉझिटला क्रेडिट कार्डच लागतं, आणि तेही चालवणाऱ्याच्या नावाचं. फॉरेक्स कार्ड तिथं सहसा घेत नाहीत.

फॉरेक्स कार्डाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ते वाईट नाही, पण ‘मार्कअप नाही’ हे अर्धंच सांगतात. त्यांची कमाई पैसे भरतानाच्या दरात असते. बाजारात युरो १०० ला असताना तुम्हाला १०१.८० ने दिला तर १.८ टक्के तिथंच गेले. शिवाय चलन खरेदीवर जीएसटी असतो: १ लाखाला १८० रुपये, २ लाखांना २७०. युरोच्या कार्डावर युरोच खर्च करा, दुसऱ्या चलनात वापरलं तर क्रॉस करन्सी चार्ज लागतो. उरलेले पैसे परत करताना ते खरेदीचा, म्हणजे पडका दर देतात. फॉरेक्स कार्डवाल्याला एकच विचारा: ‘सगळं धरून १,००० युरोला माझ्या खात्यातून किती रुपये जाणार?’ तो आकडा व्हिसाच्या कॅल्क्युलेटरशी ताडून बघा.

कराच्या बाजूने: फॉरेक्स कार्ड एलआरएसमध्ये (परदेशी पैसे नेण्या-पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक मर्यादेत) मोजलं जातं, पॅन आणि ए-२ (परकी चलन घेण्याचा अर्ज) हा फॉर्म लागतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे देतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) नाही, त्यामुळे तुम्हाला काळजी नाही. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च एलआरएसमध्ये धरायचं २०२३ मध्ये ठरलं होतं, पण त्याच वर्षी जूनच्या अखेरीस ते पुढं ढकललं गेलं.

खातेवही_विश्रामबाग

होल्डचा मुद्दा मान्य, माझ्याकडून राहिला होता. मग वाटणी अशी करता येईल: हॉटेल आणि मोठी बिलं क्रेडिट कार्डावर, ४०० युरोचं फॉरेक्स कार्ड अडीअडचणीला.

मिरज_जंक्शन

रोख आणि प्रवासाचं मी सांगतो.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका. कॅश ॲडव्हान्सची फी साधारण अडीच टक्के, किमान काही शे रुपये, आणि व्याज त्याच दिवसापासून चालू होतं. बिलाच्या तारखेपर्यंतची सवलत रोखीला बहुतेक कार्डांवर नसते. रोख हवीच तर फॉरेक्स कार्डाने काढा, एकदाच मोठी रक्कम. तिथलं एटीएमही विचारतं, ‘विथ कन्व्हर्जन’ की ‘विदाउट’. ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’, म्हणजे रुपयांत रूपांतर नको, हे दाबताना व्यवहारच रद्द होईल अशी भीती वाटते, तशीच पाटी लिहिलेली असते. रद्द होत नाही, पैसे येतात.

इथूनच माणशी ३०० युरो रोख घेऊन जा. नियमाने एका प्रवासाला ३,००० डॉलरइतक्या नोटा नेता येतात. चलन विकत घेताना रोख रुपये ५०,००० च्या आतच चालतात, वरचे चेकने किंवा खात्यातून. जर्मनीत लहान हॉटेलं, बेकरी, बाजारातले ठेले इथं अजून ‘नूअर बारगेल्ड’ची पाटी दिसते, म्हणजे फक्त रोख. नेदरलँडचं उलटं: रोख घेत नाहीत अशी दुकानं आहेत, आणि काही ठिकाणी डेबिट चालतं पण क्रेडिट नाही. म्हणून एक व्हिसा, एक मास्टरकार्ड, त्यातलं एक प्रीपेड किंवा डेबिट असावं. दोन्ही एकाच पाकिटात ठेवू नका.

रुपे तिकडं डिस्कव्हर-डायनर्सच्या जाळ्यावर चालतं, तेही कार्ड इंटरनॅशनल प्रकारचं असेल तरच. जिल्हा बँकेचं साधं कार्ड घरीच ठेवा.

नेदरलँडच्या रेल्वे, ट्राम, मेट्रोला तिकीट काढायची गरज नाही. फाटकाशी कार्ड टेकवून आत, उतरल्यावर तेच कार्ड टेकवून बाहेर. वेगळं कार्ड टेकवलं तर दोन प्रवास उघडे राहतात आणि दोन्हींवर ठरावीक दंडासारखी रक्कम लागते. चौघांना एका कार्डावर जाता येत नाही, प्रत्येकाला स्वतःचं लागतं.

माणिकचमन_तासगाव

ठरलं मग. दोघांनी दोन लाखांची एफडी, दोघांनी एक. उद्याच शाखेत जातो. कार्ड आल्यावर आणखी काही करायचं असतं का?

कृष्णाकाठ७७

हो, आणि इथंच बरेच अडकतात. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइप मशीनसाठी चालू असतं. परदेशी वापर, ऑनलाइन आणि कॉन्टॅक्टलेस ॲपमधून आपणच सुरू करायचं. परदेशी वापरात पुन्हा स्वाइप, टॅप, ऑनलाइन, एटीएम अशी वेगळी बटणं असतात. टॅप चालू केला नाही तर नेदरलँडच्या फाटकावर लाल दिवा लागेल. एटीएमचं बंदच ठेवा. पिन इथं असतानाच टाकून मार्केट यार्डाजवळ कुठंतरी शंभर रुपयांचं पेट्रोल भरून तो चालतो का बघा.

ओटीपी ज्या सिमवर येतो त्याला निघायच्या आधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. तिकडं पोचल्यावर ते चालू करायलाच ओटीपी मागतात.

आणि अर्ज आजच करा, निघायच्या आठवड्यात नको. तासगावच्या पिनकोडवर कार्ड घरपोच येतं का हेही शाखेत विचारा. काही ॲपवाले शहराबाहेर देत नाहीत. मग सांगली-मिरजेचा पत्ता द्यावा लागतो आणि त्याचा पुरावा शोधण्यात आठवडा जातो.