मदत हवी आहे: नारायण पेठेत महालक्ष्म्यांना शेजाऱ्यांना कसं बोलवायचं?

नमस्कार. आम्ही मूळ यवतमाळचे, जूनपासून नारायण पेठेत भाड्याने राहतो. सासरे गेल्यावर आईंना (सासूबाईंना) तिकडे एकटं ठेवणं जमेना. त्या आल्या आणि त्यांच्यासोबत महालक्ष्म्याही (इकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या) आल्या. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि दोन बाळं, चारही पितळी मुखवटे जुन्या लुगड्यात गुंडाळून आईंनी रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मांडीवर धरले. डिकीत ठेवू दिले नाहीत.

तर यंदा महालक्ष्म्या पहिल्यांदाच पुण्यात बसणार. तिकडे पूजनाच्या दिवशी शंभर-सव्वाशे पानं सहज उठायची. आमंत्रण म्हणजे फाटकातून ‘उद्या या बरं का’ एवढी हाक. इथे जिन्यात लोक हसतात, नाही असं नाही, पण दार उघडतं ते साखळी लावूनच.

त्यात मी आल्या आल्या एक घोळ घालून बसले आहे. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंकडे संत्राबर्फी घेऊन गेले. दुपारचे अडीच. आमच्याकडे ती बायकांची निवांत बसायची वेळ. काकूंनी बर्फीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, म्हणाल्या, “चारनंतर आणलीत तरी चालेल.” दुसऱ्या दिवशी त्यांच्या बेलखाली कागद: ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. वस्तू देण्यासाठीसुद्धा.’ तो ‘सुद्धा’ माझ्यासाठी आहे.

बोलण्याचंही आहेच. मंडईत आईंनी सांबार मागितला तर भाजीवाल्या मावशींनी हॉटेलचा रस्ता दाखवला. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) मी आता कोथिंबीर म्हणते. आई म्हणणार नाहीत.

विचारायचं ते हे. इमारतीत आठ घरं आहेत. जेवायला बोलवायचं की नुसतं हळदीकुंकवाला? काकूंकडे खड्याच्या गौरी असतात म्हणे. मग त्याच दिवशी त्यांना बोलावणं चुकीचं दिसेल का? आणि ज्वारीच्या आंबिलीशिवाय आमचा नैवेद्य होत नाही, ती इथे कोणी खाईल का? सोळा भाज्या आणि फुलोऱ्याचं आम्ही बघू. आई रोज विचारतात, “किती पानं धरायची?” आणि मला आकडा सांगता येत नाही.

पाट्यांवरचे विनोद कृपया नकोत. ते मला पाठ झालेत.

पेठेतली सून:
कागद मनावर घेऊ नका. माझ्या सख्ख्या नणंदेलाही दुपारी फोन करून यावं लागतं.
‘कधीही या’ म्हणालात तर कोणी कधीच येणार नाही. आठ दिवस आधी, संध्याकाळी पाचनंतर, कुंकवाचा करंडा घेऊन स्वतः जा आणि दिवस-वेळ नेमकी सांगा. त्या दिवशी बऱ्याच घरी गौरीजेवण असतं, म्हणून इमारतीला फक्त हळदीकुंकू. काकूंचं काही चुकीचं दिसणार नाही. खड्याच्या गौरी म्हणजे पाणवठ्यावरून आणलेले पाच किंवा सात खडे, साड्या-दागिन्यांचा पसारा नाही. संध्याकाळी त्या मोकळ्या असतील. आमच्याकडेही खड्याच्याच, पण उभ्या गौरी बघायला सासूबाई माझ्या आधी चपला घालून तयार असतात.

वऱ्हाडी कोथरूडकर:
मी अकोल्याचा, बारा वर्षं झाली इथे. ताई, पानं भरायची तर आपल्याकडची माणसं बोलवा, पुण्यात ढिगानं आहेत. फक्त दुपारच्याच पंगतीला. संध्याकाळी देखाव्यांच्या गर्दीत तुमच्या भागात गाडी आणणं म्हणजे वेडेपणा. मेट्रोनं मंडईला उतरून पायी यायला सांगा. आंबील वाटीत थोडीच वाढा आणि ‘ज्वारीची, ताकातली’ असं आधी सांगा. माझ्या शेजाऱ्यांनी पहिल्या वर्षी ती खीर समजून तोंडाला लावली होती. चेहरे अजून आठवतात.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. काल फोन करून सव्वापाचला काकूंकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि गौरीपूजनाच्या चौकटीत ‘६ ते ६.२०, शेजारी’ असं लिहून घेतलं. मी आंबिलीचं सांगितलं, ज्वारीची, ताकातली. “लसूण असतो का?” म्हणाल्या. नसतो म्हटलं. मग त्याखाली ‘आंबील’ असंही लिहिलं.

आईंना सांगितलं, एक पान नक्की. तर आता त्या विचारून राहिल्या, वीस मिनिटांत पुरणाचं जेवण होते कसं? त्यांना फक्त हळदीकुंकू आहे हे कसं सांगू, तेवढं कोणी सुचवा.