उरलेलं शीत, हुमण, वरण: रात्री आठच्या आत जेवण कसं बसवायचं?

आंतरुजकर
आम्ही दोघंही पणजीला नोकरीला, घर फोंड्यात. सव्वासातला दार उघडतं आणि आठला मुलं (वय 5 आणि 10) पानावर हवीत. सकाळी उकड्या तांदळाचं शीत (भात), वरण, एक सुकी भाजी आणि चपात्या होतात. मासळीच्या दिवशी बांगड्यांचं किंवा तारल्यांचं हुमण (माशांची आमटी). सोमवारी आणि गुरुवारी शाकाहार. रोज सगळंच थोडंथोडं उरतं, पण एकाही पदार्थाने चौघांचं पोट भरत नाही.

अडचणी अशा: शीत फोडणीला टाकलं की दाणे कडक राहतात. हुमण गरम करताना बांगडा फुटतो आणि काटे रसात मिसळतात, मग धाकट्याला देता येत नाही. चपात्या वातड होतात. शीत सकाळी आठपासून टोपातच, ओट्यावर झाकून असतं. नव्याने स्वयंपाक न करता अर्ध्या तासात काय करता येईल? प्रमाणासकट सांगा.

सासष्टी
ताई, आधी ओट्यावरच्या टोपाचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सात म्हणजे अकरा तास. आपल्याकडच्या दमट उकाड्यात एवढा वेळ बाहेर राहिलेलं शीत मुलांना देऊ नका, कितीही चांगला वास येत असला तरी. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. शीत कोमट राहिलं की ते वाढतात आणि विष सोडतात. उलट्या करवणारं ते विष पुन्हा उकळून किंवा परतून जात नाही. त्यामुळे ‘रात्री नीट गरम करू’ हा यावर उपाय नाही.

पेज निथळली की रात्रीपुरतं शीत लगेच परातीत पसरा, पंख्याखाली 15-20 मिनिटं ठेवा आणि उथळ डब्यात भरून घराबाहेर पडण्याआधी फ्रिजमध्ये टाका. खोल टोप तसाच आत ठेवला तर मधलं शीत कित्येक तास कोमट राहतं. हे शीत त्याच रात्री संपवा, फार तर दुसऱ्या दिवशी. एकदाच गरम करा, वाफा निघेपर्यंत.

आता कडक दाण्यांचं. शिजलेल्या तांदळातला स्टार्च फ्रिजमध्ये घट्ट होतो, आणि उकड्याचा दाणा मुळातच जाड. सुरय (न उकडलेल्या) तांदळासारखं नुसतं परतून चालत नाही, त्याला पाणी आणि वाफ लागते. चार वाट्या शीत हाताने मोकळं करा. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, कढीलिंब, दोन मिरच्या, एक कांदा. कांदा मऊ झाल्यावर हळद, मग शीत. वरून चार मोठे चमचे पाणी शिंपडून घट्ट झाकण ठेवा आणि मंद आचेवर 5 मिनिटं हात लावू नका. गॅस बंद केल्यावर लिंबाऐवजी चमचाभर कोकमाचं आगळ घाला. आगळात मीठ असतंच, म्हणून आधी मीठ निम्मंच टाका.

थकवा जास्त असेल त्या दिवशी सरळ पेज करा. दोन वाट्या शीत, सहा वाट्या पाणी, चिमूट मीठ, 12-15 मिनिटं उकळून पळीने ठेचायचं. सोबत किसमूर. मूठभर सुकी सुंगटं (कोळंबी) कोरडी भाजून कुरकुरीत करा, त्यात पाव वाटी ओलं खोबरं, बारीक कांदा आणि मिठासह कुस्करलेली दोन आमसुलं. पाकिटावर काही लिहिलं असलं तरी सुंगटांची डोकी-शेपट्या काढा, वाळू तिथेच असते. सोमवारी सुंगटांऐवजी भाजलेले उडदाचे पापड चुरा. किसमूर पानावर बसतानाच कालवायचं, दहा मिनिटांत मऊ पडतं.

तिरफळ
हुमणाचं मी सांगते. मासे आणि रस एकत्र ठेवता, तिथेच गडबड होते. सकाळचं जेवण झालं की बांगड्याचे तुकडे अलगद उचलून वेगळ्या डब्यात आणि रस दुसऱ्या डब्यात ठेवा. तिरफळंही तेव्हाच काढा, लहान मुलाच्या दाताखाली आलं तर जीभ बधिर होते. दोन्ही डबे फ्रिजमध्ये.

रात्री फक्त रस तापवायचा. कालची कोडी (आटवलेलं उरलेलं हुमण) आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अशीच करतात: दोन वाट्या रस मातीच्या कुंडल्यात किंवा जाड बुडाच्या टोपात, झाकण न ठेवता, मंद आचेवर 10-12 मिनिटं, निम्मा होईपर्यंत. पळी बुडाला लावत राहा, कारण खोबरं खाली बसतं आणि करपतं. करपलं तर खरवडू नका, वरचा रस दुसऱ्या भांड्यात ओता. आटल्यावर मीठ आणि आंबट दोन्ही वाढतं, म्हणून मीठ अजिबात घालू नका. फार आंबट झालं तर दोन चमचे ओलं खोबरं वाटून घाला किंवा एक उकडलेला बटाटा कुस्करा. ॲल्युमिनियमच्या भांड्यात आटवू नका, चिंच-आमसुलाचा आंबटपणा धातूला लागतो.

कोडी आटते तोवर माशाचे काटे काढून घ्या. थंड बांगड्याचा मधला काटा अख्खा निघतो, गरम असताना तुटतो. बारीक काटे बोटांनी चाचपा. मांस अगदी शेवटी रसात सोडून वाफा निघेपर्यंत तीनेक मिनिटं गरम करा, जोरात ढवळू नका. ही कोडी पोयबरोबर (गोव्याच्या पावाबरोबर) उत्तम लागते, चौघांना सहा पोया पुरतात.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. बांगडा, तारले, कुपा हे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. तेही उकळून जात नाही. अंगावर पुरळ येतं, चेहरा लाल होतो, डोकं दुखतं. बाजारातून आणलेली मासळी पिशवीतच तासभर ठेवू नका. शिजवलेलं हुमण दिवसभर बाहेर राहिलं असेल तर मुकाट्याने टाकून द्या.

पोदेराची गिऱ्हाईक
शिळी पोय वातड झाली तर दोन्ही बाजूंना ओला हात फिरवा आणि तापलेल्या तव्यावर झाकणाखाली मिनिटभर ठेवा, मग उलटून अर्धा मिनिट. मायक्रोवेव्हमध्ये आधी मऊ होते आणि पानावर येईपर्यंत चामडं.

कोंबडीच्या शाकुतीचा (खोबऱ्या-मसाल्याच्या रश्श्याचा) रस उरला असेल तर रस-ऑम्लेट करा, दहा मिनिटांत होतं. वाटीभर रसात अर्धी वाटी गरम पाणी घालून दोन मिनिटं खळखळून उकळा. चार अंड्यांची दोन ऑम्लेटं करून अर्धी-अर्धी वाढा, वरून रस, कच्चा कांदा, लिंबू. रस पातळच हवा, घट्ट असेल तर पोय बुडत नाही.

आंतरुजकर
खूप आभार. सोमवार-गुरुवारी वरण, भाजी आणि चपात्या उरतात, त्याचं काय? वरणफळं करायला कणीक मळून लाटायला वेळ नसतो.

सासष्टी
लाटायची गरजच नाही, चपात्याच फळं. दोन वाट्या वरणात अडीच वाट्या गरम पाणी घाला. चमचाभर तुपात जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीलिंब यांची फोडणी करून त्यात वरण ओता. दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ, आणि चांगली उकळी. मग चार चपात्यांचे शंकरपाळ्यासारखे तुकडे एकेक करून सोडा. दोन मिनिटं, जास्त नाही; चपाती आधीच भाजलेली असल्याने पुढे तिचा लगदा होतो. सगळे हात धुऊन बसल्यावरच तुकडे टाका, कारण पानात गेल्यावरही ते पाणी पीत राहतात. वाढपाला उशीर होणार असेल तर आणखी अर्धी वाटी पाणी वाढवा. वातड चपात्या यात ताज्यांपेक्षा चांगल्या टिकतात.

तिरफळ
सुकी भाजी कोणती, त्यावर ठरवा. कोबी, दुधी, मुळा, तांबडी भाजी यांची थालिपीठं छान होतात: वाटीभर भाजी, अर्धी वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, दोन चमचे बेसन, ओवा. आधी पाण्याशिवाय मळा, भाजीचं पाणी सुटतं. मग लागलंच तर चमच्या-चमच्याने घाला. भाजीत ओलं खोबरं असेल तर आच मध्यम ठेवा, नाहीतर पीठ कच्चं असतानाच खोबरं काळं पडतं. भेंडी यात घालू नका, पीठ चिकट होऊन तव्यावरून सुटत नाही. तेंडली किंवा वालपापडी मात्र बारीक चिरून फोडणीच्या शितात.

खोबरं घातलेली भाजी सगळ्यात आधी आंबते, म्हणून सकाळीच रात्रीचा वाटा खोबरं घालायच्या आधी काढून ठेवा.

आंतरुजकर
पावसाळ्यात दिवसा वीज जाते, तेव्हा फ्रिजमधल्या शिताचं काय करायचं?

सासष्टी
दार न उघडता फ्रिज साधारण 4 तास थंडी धरतो. वीज त्याहून जास्त वेळ गेली होती असं शेजाऱ्यांकडून कळलं, तर शीत आणि मासळी दोन्ही टाका. अंदाज घ्यायला फ्रीजरमध्ये पेलाभर पाण्याचा बर्फ करून वर एक नाणं ठेवा. संध्याकाळी नाणं बर्फात खाली रुतलेलं दिसलं तर मधे बराच वेळ वीज नव्हती. अशा रात्री रवा भाजून उपमा करा, वीस मिनिटांत होतो.