मदत हवी आहे: दोन दिवसांच्या क्विल्टिंग (गोधडी शिवण्याच्या) शिबिराला घरून काय काय कापून न्यावं?

टीपदोरा:
शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार असं निवासी शिबिर आहे. मशीन आपापलं न्यायचं. इस्त्र्या आणि कापायची टेबलं सगळ्यांत मिळून दोन-दोनच. ४८ × ६० इंचांची नाइन पॅच गोधडी करायची आहे. शिवून झाल्यावर ६ इंचांचे ८० चौकोन, एक नाइन पॅच (नऊ छोटे चौकोन तीन-तीनच्या ओळींत जोडलेला) आणि एक साधा, बुद्धिबळाच्या पटासारखे. नाइन पॅचला गडद आणि फिकं, साध्या चौकोनांना तिसरं कापड. कापड किती घ्यावं? तिथे नुसतं शिवायचं काम उरावं यासाठी घरी कुठपर्यंत पोचायला हवं? आणि सोबत दुसरं काही न्यावं का?

पावइंच:
आधी कापडाचा हिशोब. पन्ह्यातून किनार काढून ४० इंच हाती येतात असं धरा, जास्त निघाले तर उत्तम.

मापं दोन्ही कडांची पाव-पाव इंच शिवण धरून आहेत. २.५ इंचांचे सुटे चौकोन कापत बसू नका. नऊ गुणिले चाळीस म्हणजे ३६० तुकडे, त्यातले निम्मे तिरके होतील. त्याऐवजी २.५ इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्या कापा आणि तीन-तीन पट्ट्या लांबीला जोडून पट्टे करा. दोन प्रकार लागतील: 'अ' म्हणजे गडद-फिकं-गडद, 'ब' म्हणजे फिकं-गडद-फिकं. मग पट्टे आडवे २.५ इंचांवर कापायचे. एका ब्लॉकला, म्हणजे एका नाइन पॅचला, अ, ब, अ असे तीन काप. ४० ब्लॉकना अ-चे ८०, ब-चे ४०.

४० इंचांत कागदावर १६ काप बसतात, पण टोक सरळ करण्यात थोडं जातंच, म्हणून १५ धरा. अ-चे ६ पट्टे, ब-चे ३. म्हणजे गडदच्या १५ पट्ट्या आणि फिक्याच्या १२. गडद १.१५ मीटर, फिकं १ मीटर घ्या. साधे ६.५ इंचांचे चौकोन एका पट्टीत ६ बसतात, ७ पट्ट्या लागतील, ते कापड १.३ मीटर. गोटाचं आणि अस्तराचं कापड वेगळं.

पट्टे घरीच शिवा, घरीच कापा. रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याची सुरी) आणि मोठी मॅट लागणारं एकही काम तिथे शिल्लक ठेवू नका. कापायच्या टेबलापाशी रांग लागते आणि घाईत रुलर सरकतो.

उसवणी:
हिशोब बरोबर आहे. एकच दुरुस्ती: साधे ६.५ चे चौकोन इतक्यात कापू नका.

शिवण पाव इंचापेक्षा १/१६ इंच जास्त पडली की दर शिवणीला दोन्ही बाजू मिळून १/८ इंच कापड आत जातं. नाइन पॅचच्या ओळीत दोन शिवणी, म्हणजे ब्लॉक ६.५ ऐवजी सव्वासहाचा होतो. शेजारी पुरता ६.५ चा साधा चौकोन आला की तिथे ओढाताण सुरू. शिबिरात बहुतेकींची शनिवार दुपार यातच जाते आणि दोष मात्र कापडाला मिळतो.

म्हणून आधी चाचणी. १.५ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडा, इस्त्री करा, मधली पट्टी मोजा. बरोबर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण रुंद पडते आहे; सुई काठाकडे एक घर सरकवा किंवा मशीनवर चिकटपट्टीची खूण करून घ्या. शिवण पाव इंचापेक्षा दोन धागे कमी ठेवली तरच हिशोब जुळतो, कारण इस्त्रीच्या घडीत तेवढं कापड जातं. त्यानंतर तीन-चार नाइन पॅच पूर्ण शिवून मोजा. सगळे सारखे ६ ३/८ आले तर बिनधास्त साधे चौकोनही ६ ३/८ चेच कापा. गोधडी इंचभर लहान होईल, कोणाला कळणारही नाही. सारखे असणं महत्त्वाचं.

आणि ही चाचणी शिबिराला नेणार त्याच मशीनवर, कापड दाबणाऱ्या त्याच फूटने, त्याच दोऱ्याने. घरी जड मशीनवर पट्टे शिवायचे आणि प्रवासाला सोपं म्हणून हलकं मशीन उचलायचं, हे करू नका.

टीपदोरा:
पट्टे शिवून पाहिले, पण धनुष्यासारखे वाकताहेत. टाक्याची लांबी २.५ वर आहे. आणि कापलेल्या तुकड्यांच्या टोकाला शिवण सुटते आहे.

उसवणी:
दोन वेगळी कारणं आहेत. वाकतात ते दोन्ही शिवणी एकाच टोकाकडून सुरू केल्यामुळे. पहिली वरून खाली घातली तर दुसरी खालून वर घाला. इस्त्रीही फिरवू नका, उचलून ठेवा. आधी शिवण मिटलेली असतानाच एकदा दाबा, मग उघडा. वाफ मारायची तर अगदी शेवटी.

टोकं सुटतात ती लांब टाक्यामुळे. शिवणच मधून कापली जाते, मागेपुढे करून गाठ बसवायला जागा नसते. टाका २ वर आणा.

शिवणींची घडी नेहमी गडद कापडाकडे. मग अ-मध्ये ती बाहेर जाते, ब-मध्ये आत, आणि काप एकमेकांवर ठेवले की शिवणी खाचेत बसतात. बोटांना कळतं, टाचणीचीही गरज पडत नाही. ओळी जोडताना घडी साध्या चौकोनाकडे पाडा, तिथेही तसंच होईल.

घडीघाट:
स्टार्च करणार असाल तर कापण्याआधी. फवारा, मुरू द्या, इस्त्री करा, मग कापा. कापलेल्या तुकड्यावर मारला तर तुकडा आटतो. कापडं धुवायची असतील तर तिन्ही धुवा, नाहीतर एकही नको.

टीपदोरा:
हे सगळं घरी केलं तर तिथे काय उरतं?

पावइंच:
भरपूर. ४० ब्लॉक गुणिले दोन शिवणी, म्हणजे ८० छोट्या शिवणी. मग ८ चौकोनांच्या १० ओळी, ७० शिवणी. शेवटी ४८ इंची लांब ९. शनिवार रात्रीपर्यंत ब्लॉक, रविवारी ओळी, अशी वाटणी धरा. अस्तर-कापूस-वरचा थर टाचण्याचं काम तिथे काढू नका, जमिनीवर तेवढी जागा मिळत नाही.

भरताना अ-चे काप १०-१० च्या गड्ड्यांत, ब-चे ५-५ च्या. एका पिशवीत अ-चा एक गड्डा आणि ब-चा एक, म्हणजे पाच ब्लॉक. अशा आठ पिशव्या, सपाट ठेवलेल्या. गुंडाळले की कडा उसवतात. वर एक शिवलेला ब्लॉक टाचून ठेवा. रात्री अकरा वाजता अ कुठला आणि ब कुठला हे सुचत नाही.

सोबत दुसरं न्यायचं तर इस्त्री न लागणारं. या गोधडीच्या गोटाच्या पट्ट्याच कापून ठेवा. परीघ २१६ इंच, कोपरे-जोड धरून २२६. सहा पट्ट्या तिरक्या जोडल्या की २२७ च्या आसपास भरतात, म्हणजे जेमतेम. सात कापा. इस्त्रीसाठी रांग असेल तेव्हा या पट्ट्या जोडता येतील. हाताने गोट दुमडायची एखादी जुनी गोधडी असेल तर तीही न्या.

घडीघाट:
एकाच रंगाच्या सहा-सात बॉबिन भरून ठेवा. फिकट राखाडी दोरा गडद-फिक्या दोन्हींत खपतो. ८० नंबरच्या चार-पाच सुया. सात-आठ तास शिवून झालं की बदला, बोथट झालेली सुई टाका सोडते. आणि मशीनचं पायडल व वायर मशीनच्याच पेटीत घाला, कापडाच्या पिशवीत नको. मागे राहतं ते नेमकं तेच.

टीपदोरा:
चाचणी केली. मधली पट्टी १ इंचाला बारीक १/१६ कमी येते आहे. सुई एक घर सरकवली तर जास्त होते.

उसवणी:
मग सुई जागेवर ठेवा आणि जाड दोरा बदला. ५० नंबरचा सुती लावून पुन्हा तीन पट्ट्या शिवा. तेवढ्यानेही फरक पडला नाही तर उरलेला १/१६ तसाच राहू द्या, आणि साधे चौकोन शिवलेल्या नाइन पॅचच्या मापाने कापा.