मदत हवी आहे: अनेक प्रयोगशाळांच्या एकत्रित स्ट्रोक संशोधनासाठी निधी कसा मागावा?

नमस्कार. मी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवते. आम्ही तीन संस्था मिळून स्ट्रोकवरील संभाव्य औषधांची प्राण्यांवर एकाच कार्यपद्धतीने चाचणी घेण्याचा प्रस्ताव तयार करत आहोत, आणि अंदाजपत्रकापाशी अडलो आहोत.

एकाच प्रयोगशाळेतील निष्कर्षांवर विसंबल्याने या विषयाचे फार नुकसान झाले आहे. एनएक्सवाय-०५९ हे औषध प्राण्यांमध्ये आशादायक ठरले, रुग्णांवरील पहिल्या मोठ्या चाचणीतही थोडा लाभ दिसला, आणि २००७ साली तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत ते निष्प्रभ ठरले. म्हणूनच अमेरिकेत 'स्पॅन' या जाळ्याला सरकारी निधी मिळाला. सहा प्रयोगशाळांनी सहा उपचार तपासले. कोणत्या प्राण्याला काय द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे मध्यवर्ती केंद्रातून ठरत असे, औषधे सांकेतिक क्रमांकाने येत, आणि प्राण्यांच्या हालचालींच्या चित्रफितींना गुण देणाऱ्यांना कोणता प्राणी कोणत्या गटातला हे ठाऊक नसे. अडीच हजारांहून अधिक उंदीर-घुशींवरील या कामातून युरिक ॲसिड हा एकच उपचार शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकला.

माझी पहिली अडचण अशाच मध्यवर्ती समन्वय केंद्राची आहे. मागच्या वेळी एका अनुदान संस्थेने आमच्या प्रस्तावातील हे खर्चाचे शीर्षकच काढून टाकले. प्रत्येक प्रयोगशाळेने आपापले विश्लेषण करावे, असे कारण दिले. परंतु विश्लेषण करणारा आणि प्रयोग करणारा वेगळा असणे हाच तर या रचनेचा प्राण आहे! अमेरिकेत समन्वय केंद्राला प्रयोगशाळांपासून स्वतंत्र अनुदान होते. आपल्याकडे त्यासाठी वेगळा प्रस्ताव द्यावा, की एकाच प्रस्तावात ते सहयोगी संस्था म्हणून दाखवावे?

दुसरी अडचण अधिक किचकट आहे. अशा रचनेत एखादा उपचार पहिल्याच टप्प्यात निरुपयोगी ठरला, तर तो तिथेच थांबवायचा आणि उरलेले प्राणी व पैसा दुसऱ्या उपचाराकडे वळवायचा, हे आधीच ठरलेले असते. आपल्याकडे मात्र खर्च वर्षाच्या हिशेबाने दाखवावा लागतो, अखर्चित रक्कम राहिली की पुढचा हप्ता लांबतो आणि उपयोगिता प्रमाणपत्रासाठी (मिळालेली रक्कम ठरलेल्या कामावरच खर्च केल्याच्या दाखल्यासाठी) धावपळ होते. अशी अट मंजुरीच्या वेळीच लिहून घेता येते का?

शिवाय स्ट्रोक बहुधा उतारवयात होतो, तेव्हा म्हातारे प्राणीही हवेत. ते वर्षाहून अधिक काळ सांभाळण्याचा प्राणीगृहाचा खर्च तीन वर्षांच्या प्रकल्पात कोणत्या शीर्षकाखाली बसवावा?

रुग्णांवरील चाचण्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने 'इन्स्ट्रक्ट' हे स्ट्रोकचे जाळे उभे राहिले आहे. त्यात किंवा अन्य बहुसंस्थात्मक प्रकल्पात काम केलेल्यांनी, तसेच मूल्यमापन समितीवर बसलेल्यांनीही, कृपया आपला अनुभव येथे लिहावा. आमच्या अंदाजपत्रकाचा तक्ता मी प्रतिसादात देऊ शकेन.