लॅपटॉपला सिमची खाच आहे, मोडेम दिसतो, पण चालू होत नाही (डेबियन १२)

गुऱ्हाळवाली

नमस्कार मंडळी. लिनक्समधलं मला बेताचंच कळतं, तेव्हा सांगताना जरा सावकाश सांगा.

आमचं गुऱ्हाळ गगनबावडा रोडला, कळ्याच्या पुढं, रस्ता सोडून आत शेतात. तिथं वायफाय-बियफाय काही नाही. हंगामात दिवसाला किती आधणं निघाली, गुळाचे किती रवे झाले, कुणाचा ऊस किती टन आला, गुळव्यानं किती उचल घेतली, हे सगळं मी लॅपटॉपवर लिहितो आणि रात्री मार्केट यार्डातल्या अडत्याला मेल करतो. लॅपटॉप जुना, राजारामपुरीतनं सेकंडहँड घेतलेला. विंडोज एवढं रडत होतं की शेवटी भाच्यानं दिवाळीत येऊन डेबियन १२ हे लिनक्स टाकून दिलं. तेव्हापासून मशीन पळतंय, तक्रार नाही.

तर या लॅपटॉपला सिम घालायची खाच आहे. भाच्यानं मागचं झाकण काढून बघितलं, आत सिएरा वायरलेसचं ईएम ७४५५ हे मोडेमचं कार्ड निघालं, सिमवरनं इंटरनेट घेणारं. एलएसयूएसबी (यूएसबीला काय काय जोडलंय त्याची यादी) मारलं की ११९९:९०७९ असा नंबर दिसतो. सिम घातलं, एपीएन (सिम कंपनीच्या इंटरनेटचं नाव) भरलं. वर नेटवर्कच्या चिन्हात मोबाइल ब्रॉडबँड येतं, पण बटण सरकवलं की दोन सेकंदात आपलं आपण मागं येतं. टर्मिनलात एमएमसीएलआय -एम ० (मोडेमची हालत सांगणारी कमांड) केल्यावर ‘स्टेट: डिसेबल्ड, पॉवर स्टेट: लो’. जबरदस्तीनं इनेबल करायला गेलो तर ‘इनव्हॅलिड ट्रान्झिशन’.

तीन रात्री यात गेल्या. आरएफकिल (रेडिओ कुठं अडवलाय का ते सांगणारी कमांड) बघितलं, काही अडवलेलं नाही. सिम बदललं. विंडोजची ड्रायव्हरची फाइल उतरवून वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायचं साधन) चालवायचापण प्रयत्न केला. हसू नका. भाच्याची परीक्षा चालू आहे, त्याला विचारायला नको वाटतं.

या कार्डाचा लिनक्ससाठी ड्रायव्हर कुठं मिळतो, एवढं सांगा.

कट्ट्यावरचा बंड्या

दादा, फोनचा हॉटस्पॉट चालू करा की! एवढा कुटाणा कशाला?

गुऱ्हाळवाली

दादा नव्हे, ताई. कोल्हापूरच्या बायका ‘करतो’, ‘जातो’च म्हणतात, तुम्ही पुण्याकडचे दिसताय.

हॉटस्पॉट मला माहीत आहे. पण माझ्या फोनवर ट्रॅक्टरवाल्यापासून ऊसतोड मुकादमापर्यंत सगळ्यांचे फोन येतात, तो घेऊन मी बांधाबांधानं फिरतो, आणि लॅपटॉप राहतो खोपीत. शिवाय चुलवाणाजवळ हॉटस्पॉट लावून ठेवला की फोन हातात धरवत नाही. आणि खाच दिलीया, पैसे मोजल्यात, तर ती चाललीच पाहिजे.

उद्यमनगरचा फिटर

ताई, ड्रायव्हर शोधायचं सोडा. ड्रायव्हर आहे आणि तो चाललाय. तुमचं कार्ड आतल्या आत यूएसबीवर बसतं, एमबीआयएम भाषा बोलतं, आणि त्यासाठी लागणारा सीडीसी-एमबीआयएम ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच येतो. तो नसता तर एमएमसीएलआयला मोडेम दिसलाच नसता. तुमचं दुखणं दुसरंच आहे, त्याला एफसीसी लॉक म्हणतात.

अमेरिकेत रेडिओ लहरींचा कारभार बघणारं सरकारी खातं म्हणजे एफसीसी. तिथं मोडेम कार्ड, लॅपटॉप आणि त्यातला अँटेना अशी जोडी तपासून मंजुरी देतात, कारण लॅपटॉप मांडीवर असतो आणि लहरी किती जोरात सुटतात ते अँटेनावरही ठरतं. म्हणून लॅपटॉपबरोबर येणारी बरीच कार्डं रेडिओ बंद ठेवूनच उठतात. सॉफ्टवेअरनं ठरलेला शब्द टाकल्याशिवाय रेडिओ सुरू होत नाही. विंडोजमध्ये कंपनीचं सॉफ्टवेअर तो शब्द गुपचूप टाकतं. लिनक्सवर मोडेम सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे मोडेममॅनेजर, पूर्वी तो स्वतःच टाकायचा. १.१८.४ या आवृत्तीपासून त्यांनी ते बंद केलं: कुलूप काढायचं की नाही ते मशीनच्या मालकानं ठरवावं, आम्ही परस्पर काढणार नाही. डेबियन १२ मध्ये १.२० आहे, म्हणजे तुम्ही त्यातच सापडलाय.

किल्ली तुमच्याच मशीनमध्ये पडलीया, फक्त लिंक करून कुलपाला लावायचीय. खालच्या कमांड मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही रोमन अक्षरात टाका:

सुडो एलएन -एस /यूएसआर/शेअर/मोडेममॅनेजर/एफसीसी-अनलॉक.अव्हेलेबल.डी/११९९:९०७९ /ईटीसी/मोडेममॅनेजर/एफसीसी-अनलॉक.डी/

मग: सुडो सिस्टिमसीटीएल रिस्टार्ट मोडेममॅनेजर

दोन्ही वाटांमध्ये एकेक मोकळी जागा सोडा. एका मिनिटानं परत एमएमसीएलआय बघा.

डायलअपच्या जमान्यातला

फिटरसाहेबांचं उत्तर वाचून जुनी जखम उघडी पडली. विषयांतराबद्दल माफी, पण ताईंनी ‘ड्रायव्हर कुठं मिळतो’ विचारलं आणि मी थेट २००४ साली शाहूपुरीतल्या खोलीवर पोचलो.

तेव्हा लॅपटॉपमधला मोडेम म्हणजे टेलिफोनची वायर खोचायचा. वेग कागदावर ५६ केबीपीएस. गंमत अशी की लॅपटॉपमध्ये अख्खा मोडेम नसायचाच! खर्च वाचवायला नुसती लाइन जोडणारी चिप द्यायचे, आणि आवाजाचे आकडे नि आकड्यांचा आवाज करायचं सगळं काम लॅपटॉपच्या प्रोसेसरवर ढकलायचे. ते काम करणारा प्रोग्राम म्हणजेच ड्रायव्हर, आणि तो फक्त विंडोजसाठी. म्हणून लिनक्सवाले त्याला विनमोडेम म्हणून शिव्या घालायचे. आज ताईंचं कार्ड म्हणजे स्वतःचा प्रोसेसर असलेला अख्खा संगणक आहे, त्याचा ड्रायव्हर नुसता पोस्टमन. आमच्या वेळी ड्रायव्हर हाच मोडेम होता. फरक एवढा.

माझ्यात कोनेक्झंटची चिप होती. तिचा लिनक्सचा ड्रायव्हर एक परदेशी कंपनी विकायची. फुकटचा घेतला तर वेग १४.४ केबीपीएसवर बांधलेला. एक एमबीची फाइल यायला नऊ-साडेनऊ मिनिटं, तीही मध्ये कुणाचा फोन आला नाही तर. मी रात्री अकरानंतर बसायचो. घरमालकीणबाई सकाळी विचारायच्या, ‘काल पण तो घुबडासारखा ओरडत होता काय हो?’

त्याच वर्षी त्या ड्रायव्हरवरून कर्नलवाल्यांत मोठा दंगा झाला. कर्नल प्रत्येक मॉड्यूलला विचारतो, तुझा परवाना कुठला? जीपीएल (कोड सगळ्यांना खुला ठेवायचा परवाना) नसेल तर ‘कर्नल बाटला’ अशी नोंद करतो. या लोकांनी परवान्याच्या ओळीत जीपीएल लिहून पुढं शून्याचं अक्षर टाकलेलं, आणि त्याच्यापुढं खरी मेख. सी भाषेत शून्य आलं की वाक्य संपलं. कर्नलनं जीपीएल वाचलं नि माना डोलावल्या, पुढचं त्याला दिसलंच नाही. सातबाऱ्याचा उतारा अर्धा दुमडून दाखवावा तसं.

मी शेवटी कंटाळून सिरियल पोर्टला लागणारा बाहेरचा डबा मोडेम आणला. त्याला ड्रायव्हरच लागत नाही, एटी म्हटलं की ओके म्हणतो. खोलीतली लाइन खालच्या ऑफिसच्या एक्सचेंजवरनं वर आलेली, तिची डायलटोन मात्र त्याला ओळखायची नाही, नुसता वाट बघत बसायचा. मग एटीएक्स३ लिहून ‘टोन ऐकू नकोस, सरळ नंबर फिरव’ असं सांगावं लागायचं. तेवढं केलं की चालला.

चला, झोपतो. ताई, तुमचं होईल.

गुऱ्हाळवाली

काका, घुबडाचं वाचून खोपीत एकटाच हसत बसलो, गुळव्या बघायला आला काय झालं म्हणून.

फिटरदादा, पहिल्यांदा ‘नो सच फाइल’ आलं. मी सगळं लहान अक्षरात टाकलं होतं.

उद्यमनगरचा फिटर

चूक माझी. मोडेममॅनेजर या शब्दातले दोन्ही एम मोठे. फोल्डरच्या नावातपण आणि रिस्टार्टच्या कमांडमध्येपण. बाकी सगळं लहान.

गुऱ्हाळवाली

केलं. लिंक पडली, एलएस -एल मारून बघितलं, बाण बरोबर दाखवतोय. रिस्टार्टपण केलं. तरी पॉवर स्टेट लो ती लोच. आता काय?

उद्यमनगरचा फिटर

जर्नलसीटीएल -यू मोडेममॅनेजर करून शेवटच्या ओळी बघा, अनलॉकच्या नावानं काहीतरी रडत असेल.

माझा अंदाज सांगतो. ती किल्ली म्हणजे चार ओळींची स्क्रिप्ट आहे. ती स्वतः काही करत नाही, क्यूएमआयसीएलआय नावाच्या हत्याराला हाक मारते. ते हत्यार लिबक्यूएमआय-युटिल्स या पॅकेजात येतं, आणि मोडेममॅनेजर बसवला म्हणजे ते आलं असं नाही. सुडो एपीटी इन्स्टॉल लिबक्यूएमआय-युटिल्स.

गुऱ्हाळवाली

क्यूएमआयसीएलआय सापडत नाही, असंच लिहिलंय बघा. पण दादा, इन्स्टॉल करायला इंटरनेट लागतं की! मी ते मिळवायलाच तर बसलोय.

कट्ट्यावरचा बंड्या

हॉटस्पॉट 😌

गुऱ्हाळवाली

लावला बाबा, लावला. पाच मिनिटं. त्यातपण दोन फोन आले.

गुऱ्हाळवाली

झालं!!! पॉवर स्टेट ऑन, स्टेट रजिस्टर्ड. बटण सरकवलं ते तिथंच राहिलं. फिटरदादा, नाद खुळा.

आता एकच. सिग्नल क्वालिटी १४ टक्के दाखवतोय. त्याच कंपनीचं दुसरं सिम माझ्या फोनमध्ये आहे, त्यावर शेजारीच चार दांड्या. मेल जातो, पण हिशेबाची फाइल जोडली की घाम फुटतोय.

उद्यमनगरचा फिटर

दोन कारणं असू शकतात.

पहिलं बँडचं, म्हणजे टॉवर ज्या लहरींवर बोलतो त्या पट्ट्याचं. ईएम ७४५५ मध्ये १८०० मेगाहर्ट्झचा बँड ३ आणि ८५० चा बँड ५ आहे, पण २३०० चा बँड ४० नाही. तो ईएम ७४३० मध्ये येतो, आशियाकडच्या बाजारासाठी काढलेलं भावंड ते. जिओ आपल्याकडं हे तिन्ही बँड वापरतं, एअरटेलपण २३०० वापरतं. तुमच्या फोनला टॉवर ४० वर ऐकू येत असेल तर तो लॅपटॉपला ऐकूच येणार नाही, लांबून ३ किंवा ५ वर जे येईल ते. यावर सेटिंग काही नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघायचं, नाहीतर कार्ड बदलायचं. कार्ड बदलायच्या आधी मात्र तुमचा लॅपटॉप दुसरं कार्ड स्वीकारतो का ते बघा. काही कंपन्यांचं बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होऊ देत नाही.

दुसरं अँटेनाचं. कार्डाला दोन वायरी लागतात, मुख्य आणि जोडीची. लॅपटॉप मध्ये कुणी उघडला होता का?

गुऱ्हाळवाली

उघडला होता. गेल्या उन्हाळ्यात पंखा साफ करायला दिला होता, कुठं ते लिहीत नाही.

आज दुपारी आधण उतरल्यावर लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, मागचे स्क्रू काढले. भाच्यानं व्हिडिओ कॉलवर आधी आतली बॅटरी सोडवायला लावली. (परीक्षा झाली त्याची, पेपर बरा गेलाय म्हणे.) तर कार्डावर दोन टोकं, एकाला निळी वायर बसलेली, आणि तांबडी आपली बाजूला लोंबकळत्या. तिच्या टोकाला ब्लाउजच्या टिचबटणासारखं बारकं पितळी बटण आहे. भाचा म्हणाला, सरळ वरनं धर आणि दाब, तिरकं दाबलंस तर मोडेल. तीनदा घसरलं. चौथ्यांदा टच्च झालं.

झाकण लावून सुरू केलं. ५८ टक्के.

डायलअपच्या जमान्यातला

५८! आमच्या वेळी याला पार्टी झाली असती.

कट्ट्यावरचा बंड्या

ताई, हॉटस्पॉट माझाच कामाला आला हे विसरू नका. काकवीची बाटली पाठवा.

गुऱ्हाळवाली

काकवी आहे, पण घ्यायला कळ्याला यायचं. सकाळी सातला पहिलं आधण उतरतं, त्याच्या आधी या.

लिंक रिस्टार्टनंतरपण टिकली, लॅपटॉप झोपवून उठवला तरी मोडेम परत येतोय. आताच हिशेब पाठवला. जातोय की नाही खात्री नव्हती म्हणून आधी लॅपटॉपवरनं आणि मग फोनवरनं. अडत्याचा लगेच फोन: ‘वहिनी, आज ८४ रवे की १६८?’