मदत हवी आहे: जपान, कोरिया, थायलंडमध्ये फुटबॉल सामने बघायचेत

नमस्कार मंडळी,
सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जपान, दक्षिण कोरिया आणि थायलंड असा प्रवास ठरतोय, आणि प्रत्येक देशात निदान एक लीग सामना स्टेडियममध्ये बसून बघायचाच आहे. महिने मुद्दाम निवडलेत. दक्षिण कोरियाची के-लीग वसंतात सुरू होऊन हिवाळ्याच्या तोंडाशी संपते, थाई लीग ऑगस्ट ते मे चालते, आणि जपानची जे-लीगही 2026 पासून ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या हंगामावर जातेय. म्हणजे या काळात तिन्हीकडे फुटबॉल असतं. फक्त आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीग थांबते, ते दिवस टाळणार आहे.

सगळ्यात जास्त ओढ जपानमधल्या साइतामा स्टेडियमची. तिथल्या उरावा रेड्स क्लबच्या समर्थकांचा तो आवाज एकदा प्रत्यक्ष ऐकायचाय! गोलमागच्या स्टँडमध्ये नवख्या माणसाने उभं राहिलेलं चालतं का, की बाजूचं तिकीट घेणं बरं? तिथे पाहुण्या संघाच्या रंगाचे कपडे चालत नाहीत एवढं माहीत आहे. परदेशी कार्डावर तिकीट मिळायला अडचण आली का कुणाला?

थायलंडमध्ये बुरीराम युनायटेडचा सामना बघायचा विचार आहे, पण शहर बँकॉकपासून बरंच लांब. सामना रात्री संपल्यावर तिथेच मुक्काम करावा की परतीची बस किंवा रेल्वे मिळते?

आणि टीव्हीसाठी तारखा ऐनवेळी बदलतात का? विमानाची तिकिटं काढण्याआधी हे कळलं तर फार बरं होईल. सोलबद्दलही कुणी स्वतः जाऊन आलं असेल तर जरूर सांगा.